एकच प्रत

२ जून

पोचलो एकदाचा. बॅगा दोन. एकीत कपडे, दुसरीत माझी हत्यारं: मऊ ब्रश, औषधाच्या बाटल्या, सुती फडकी, भिंग, सुयांची डबी. बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी बॅगेत डोकावून विचारलं, डॉक्टर का? मी बेधडक हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर उरलेला सगळा रस्ता समजावण्यात गेला असता, आणि शेवटी त्यांनी मला वेड्यात काढलंच असतं.

खरं ते असं. एखादी कंपनी गाणं रेकॉर्ड करते, नमुन्याच्या दोन-चार छोट्या तबकड्या काढते, लेबलं छापते, बाजारात आणायची तारीख ठरवते, आणि नेमकी कुठेतरी माशी शिंकते. गायकाशी भांडण होतं, मालक बदलतो, कधी काही कारणच कळत नाही. रेकॉर्ड रद्द. निघालेल्या प्रती फोडून टाका असा हुकूम सुटतो. पण प्रत्येक कारखान्यात एक तरी माणूस असा असतो की ज्याच्याच्याने ते फोडवत नाही. तो एक प्रत शर्टाच्या आत घालून घरी नेतो. मी आयुष्यभर त्या शर्टाच्या मागावर आहे. दुनियेने ऐकलेली गाणी मला नकोत. जे आलंच नाही ते मला हवं. ताई म्हणते, लोक हरवलेलं शोधतात, हा न झालेलं शोधतो. म्हणेना का. हौसेला मोल नसतं.

आमच्या रेडिओ केंद्राचा संग्रह बंद झाला तेव्हा नोकरी गेली, आणि आता हे काम असं चालून आलं की आंधळा मागतो एक डोळा तशी गत. आप्पा (इथे सगळे त्यांना आप्पाच म्हणत असावेत, मलाही तसंच म्हणायला सांगितलं) पूर्वी एका कंपनीत आवाज कोरायचं काम करायचे. त्यांच्याकडे रद्द झालेल्या छोट्या तबकड्यांची भिंतभर कपाटं आहेत. त्या धुवायच्या, वाजवून तपासायच्या, नीट लावायच्या. दोन महिने. राहणं-जेवण इथेच. मागच्या बाजूला खोली दिली आहे, खिडकीतून अंगण आणि फाटक दिसतं. घरकाम करणाऱ्या मावशी आहेत. त्या बोलत नाहीत. मुक्या असाव्यात. चहा मात्र असा करतात की बोलायची गरजच नाही.

चिमणीने निघताना रडारड केली नाही. नऊ वर्षांची आहे, पण तिची आई गेल्यापासून जरा जास्तच समजूतदार झाली आहे. आत्याचा हात धरून दारात उभी राहिली आणि कधी येणार एवढंच विचारलं. दर रविवारी येईन म्हटलंय. माझा छोटा प्लेअर तिच्याजवळ ठेवून आलो आहे. तेवढीच सोबत.

४ जून

टाचणी सापडली!

हे ज्याला कळेल तो आत्ता माझ्याबरोबर नाचला असता. टाचणी म्हणजे एक गायिका. आवाज बारीक आणि थेट आत जाणारा, म्हणून आम्हा शौकिनांनी दिलेलं नाव. तिची एकच तबकडी निघायची होती, ती रद्द झाली, कारण रेकॉर्डिंग झालं आणि बाई गायबच झाल्या. कोणी म्हणे लग्न करून परदेशी गेल्या, कोणी म्हणे कंपनीच्या मालकाला फसवून पळाल्या. मी पंधरा वर्षं तिच्या मागे होतो आणि ती इथे तिसऱ्या फळीवर कागदी पाकिटात निवांत पडली होती.

धुतली, वाळवली, सुई ठेवली. नियम असा की तपासायला एकदाच वाजवायची, कारण वाजवली की झिजते. मी तीनदा वाजवली. मोह आवरला नाही. काय आवाज आहे!

तिसऱ्यांदा वाजत असताना घरातल्या बोळातून हिरवी शाल घेतलेली एक बाई गेली. मी उठून नमस्कार केला, तिने बघितलंसुद्धा नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, घरात जुने भाडेकरू आहेत, लाजरे आहेत, तू मनावर घेऊ नकोस. ठीक. मीही काही फार माणसाळलेला नाही.

आप्पांचीही एक गंमत आहे. सकाळी त्यांच्या बंद खोलीतून त्यांचा आवाज येतो. खाकरतात, आकडे म्हणतात, हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोलतात. काल जे बोलले तेच आज, शब्दाला शब्द. घशाचा व्यायाम असेल. मग बाहेर येतात ते इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ, अगदी ताजेतवाने.

५ जून

आज आप्पांनी आवाज कोरायचं मशीन दाखवलं. अजून चालू आहे, तेलपाणी केलेलं. थाळीवर मऊ काळ्या लेपाची कोरी तबकडी ठेवतात, वर टोकदार सुई. आपण भोंग्यात बोलू लागलो की सुई लेपात रेघ कोरत जाते आणि कोरून निघालेल्या लेपाचा केसासारखा काळा धागा वर येत राहतो. आप्पा तो बोटाने अलगद बाजूला सारत होते. मला म्हणाले, बोल काहीतरी, कसं कोरतं बघ. मला काय सुचणार? चिमणीशी बोललो. चिमणे, बाबा बोलतोय, डोळे मिट, दहा म्हण, मी आलोच, आलोच बघ, आलोच. आणि तिच्यासाठी मी घालतो ती शीळ. भर दुपारी एवढा मोठा माणूस भोंग्यात तोंड घालून शीळ घालतोय हे ताईने बघितलं असतं तर दोन दिवस हसली असती.

अशी लेपाची तबकडी मऊ असते. थोड्या वेळा वाजवली की झिजून खरखरते. म्हणून न वाजवता तिच्यावरून आधी साचा करतात आणि मग त्याच्या टणक प्रती काढतात. आप्पांनी विचारलं, एकच ठेवू की साचा करून दहा काढू? दाबयंत्र अजून चालतं म्हणाले. मी म्हटलं, छे, एकच. जोड झाली की मजा गेली. जगात एकच प्रत आणि ती माझ्या लेकीकडे, याच्यापुढे दहा टणक प्रती म्हणजे काय, पत्र्याची भांडी. आप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, खरा शौकीन आहेस. शौकिनाने शौकिनाला दिलेलं प्रशस्तिपत्रक. मी फुगलो.

मावशी मात्र विचित्र वागल्या. मी बोलायला सुरुवात करत होतो तेव्हा दारात येऊन त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला आणि मान हलवत राहिल्या. मला वाटलं, आवाज करणार नाही असं सांगताहेत. नंतर पार्सल बांधून त्यांच्या हातात दिलं तर घेईनात. शेवटी घेतलं. बाजारात जाताना टपालात टाकून आल्या.

९ जून, रविवार

फजिती. घरी जायला निघालो आणि रस्ता चुकलो. चुकावं असं काही इथे नाहीच. फाटकातून बाहेर पडलं की टपालपेटी, पुढे शिंप्याचं दुकान, मग लाँड्री, मग बसचा थांबा. येताना मी चालत आलोय. आज पेटी लागली, शिंपी लागला, रस्ता जरासा डावीकडे वळला, वळतच राहिला, आणि समोर आप्पांचं फाटक. म्हटलं, गप्पा मारत चाललो असतो तर समजलं असतं, एकटाच होतो की. पुन्हा निघालो. उजवीकडून गेलो. कुंपणं, दिव्याचे खांब, एक बंद शाळा, हळूहळू डावीकडे वळण, फाटक.

तिसऱ्या वेळी शिंप्याला विचारलं. त्याने हाताने सरळ दाखवलं. थांबा इथूनच दिसतो म्हणाला. मलाही दिसत होता. बस आली, माणसं उतरली. मी थांब्याकडे तोंड करून, नजर न हलवता चालत गेलो आणि माझा हात फाटकाच्या कडीला लागला.

ऊन लागलं असेल. ताईला फोन करून निरोप दिला की काम निघालं. चिमणी फोनवर आली. असू दे बाबा, म्हणाली. तिचं ते असू दे ऐकलं की जास्तच वाईट वाटतं.

११ जून

पार्सल पोचलं! ताईने फोन केला. चिमणीने शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावलं आणि तबकडी लावली, डोळे मिटून बसली, दहा म्हटलं. मग पुन्हा लावली. ताई म्हणाली, पोरगी तुझ्या आवाजाला चिकटून बसली आहे, जेवायला उठेना. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

एक गोष्ट लिहून ठेवतो. फोन यायच्या आधी, दुपारी मावशींनी चहा आणून ठेवला आणि मी त्यांना राहू द्या म्हणणार होतो. तोंडातून निघालं, चिमणे, बाबा बोलतोय. पुढचंही सगळं. डोळे मिट, दहा म्हण, आलोच. शीळसुद्धा. जबडा माझा, पण चालवत दुसरंच कोणीतरी होतं. संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

घसा खरवडल्यासारखा झाला. खोकलो तर रुमालावर केसासारखा बारीक काळा धागा. लेपाचा असेल, कामात नाकात गेला असेल.

१४ जून

रोज दुपारी. शाळा सुटली की. आज पाच-सहा वेळा तरी झालं. मी तोंडात फडकं कोंबलं, तरी आतून शब्द येत राहिले. पुन्हा खोकला, पुन्हा धागे. आता नुसता एक नाही, गुंता. आणि आवाज बसलाय, बोलताना बारीक खरखर येते. ती खरखर मी हजार वेळा ऐकली आहे. मला नको ते कळायला लागलं आहे.

म्हणून आज टाचणी पुन्हा लावली. मागच्या वेळी स्वच्छ होती, आज मधल्या ओळीत फाटली. आणि सुई ठेवली तशी हिरवी शाल बोळात आली. मी समोर जाऊन उभा राहिलो. ओठ हलत होते, गाणं तिच्या तोंडातून येत होतं, प्लेअरच्या आधी. ओळ फाटली तिथे तिचा चेहराही पुसल्यासारखा झाला, गाल कुठे संपतो ते दिसेना. माझ्या मोहापायी मी तिला झिजवलं होतं. हात जोडले, माफ कर बाई म्हटलं. मग धावत जाऊन सुई उचलली.

परत आलो तर ती होती तिथेच. बाहेरच्या दाराच्या कडीवर हात, एक पाय पुढे. हलली नाही. मी हाक मारली, खांद्याला हात लावला. लाकूड.

पळालो. फाटक, पेटी, शिंपी, डावं वळण, फाटक. पेटी, शिंपी, डावं वळण, फाटक. मागची भिंत चढलो, पलीकडे उडी टाकली, अंगणातच पडलो. गुडघा फुटला. फुटलेल्या जागी रक्त कमी आणि काळं जास्त.

१६ जून

आप्पांच्या गळ्याला हात घातला. त्यांनी माझे हात हळूच बाजूला केले. मग सगळं सांगितलं, नोकरीच्या अटी सांगाव्यात तसं.

म्हणाले, त्या मशीनवर आवाज कोरला की माणूस लेपात उतरतो. रेकॉर्ड बाजारात गेली की तो हजार घरांत वाटला जातो, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा, मग कोणी कितीही वाजवो, त्याला कळतही नाही. मोकळा हिंडतो. रद्द झाली की सगळाच्या सगळा एका प्रतीत. मग तो या घराभोवती फिरत राहतो. सुई शेवटच्या रेघेत जाऊन फिरते तसा. पहिला आवाज कंपनीने त्यांचाच कोरला होता, मशीन तपासायला. आकडे आणि हवापाणी. मावशी रोज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन तीच तबकडी एकदा लावतात. हलक्या सुईने. मावशी मुक्या नाहीत. या घरात आल्या त्या दिवसापासून मशीनच्या धास्तीने त्यांनी तोंड उघडलेलं नाही, एवढंच. म्हणून त्या बाजारात जाऊन परत येऊ शकतात.

मी विचारलं, माझ्या वाईटावर का उठलात? म्हणाले, मावशींचे हात आता थरथरतात, आणि एवढ्या सगळ्यांना वाजवणारा कोणीतरी कायमचा हवा. जाणकार हवा, हलक्या हाताचा हवा. तुझी तबकडी मी माझ्या कपाटात ठेवणार होतो. रोज सकाळी एकदा. माझ्याएवढा टिकला असतास. तू ती उचलून एका पोरीला खेळायला पाठवलीस.

मी ओरडलो. म्हणाले, मी फसवत नाही. विचारल्याशिवाय मी कोणाला ठेवत नाही. दहा म्हणाला असतास तर दहा काढून दिल्या असत्या आणि तू रविवारी लेकीकडे गेला असतास. तूच एक म्हणालास.

आणखी काही सांगत होते, अगदी बंद ठेवूनही चालत नाही, थोडं थोडं, असं काहीतरी. मी कानावर हात ठेवले होते. साचा आता निघेल का एवढंच विचारलं. एकदा वाजलेल्या लेपाचा साचा निघत नाही. ते मलाही माहीत आहे. मी पंधरा वर्षं लोकांना तेच शिकवत आलो.

१८ जून

ताईला फोन केला. वाजवू नकोस, तिला वाजवू देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं, चिमणे, बाबा बोलतोय.

पुन्हा प्रयत्न केला. आलोच, आलोच बघ.

दुसरे शब्द राहिलेच नाहीत. मनात आहेत, लिहिताना येतात, तोंडात येत नाहीत. ताई आधी हसली, मग चिडली. म्हणाली, येतो येतो करून पोरीला नादी लावू नकोस, यायचं तर ये. फोन चिमणीने घेतला. मी शीळ घातली. ती खूश झाली. म्हणाली, बाबा, अगदी तबकडीसारखं बोलतोस. फोन ठेवताच तिने लावली. मला कळलं. लगेच कळलं.

१९ जून

चिमणीच्या आईचं नाव आठवत नाही. सकाळपासून आठवतोय. चेहरा आहे, हसणं आहे, नावाच्या जागी खरखर.

उजव्या हाताची करंगळी उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसते.

तिचा राग येत नाही. कसा येईल? लेकरू बापाला हाक मारतंय. प्रत्येक हाकेला बाप थोडा थोडा संपतोय हे तिला कोण सांगणार?

२० जून

लिहिता येतं! एवढा वेळ डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? रोज लिहितो आहे, आणि पत्राचं सुचलं नाही. काखेत कळसा.

चिमणीला पत्र लिहिलं. सोप्या शब्दांत. ती तबकडी अजिबात वाजवू नकोस, बाबाला त्रास होतो, मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेव, आत्याकडे किल्ली दे. परत मागवावी असंही मनात आलं होतं. पण इथे आली की आप्पांच्या कपाटात जाणार आणि मी जन्मभराचा त्यांचा. नको. तिच्याजवळच राहू दे, फक्त वाजू नये. वेळ मिळाला की वाट शोधीन.

फोनवर माझं तोंड माझं नाही, म्हणून एक ओळ मुद्दाम खाली रेघ मारून लिहिली. कोणीही काहीही सांगितलं, फोनवर मी स्वतः सांगितलं, दुसऱ्या पत्रात मी स्वतः लिहिलं, तरी वाजवायची नाही. शपथ आहे बाबाची.

मावशींनी पत्र छातीशी धरलं आणि गेल्या. त्यांनाच घरी पाठवलं असतं, पण जायचं तर भल्या पहाटे निघावं लागतं, आणि सकाळी त्या नसल्या तर आप्पांची तबकडी कोण लावणार? त्यांनी हाताने सांगितलं, नाही.

२३ जून, रविवार

कालची दुपार गेली. आजची गेली. तोंडातून एक शब्द नाही! पोचलं पत्र. माझी गुणाची पोर.

अंगणात बसलो. किती दिवसांनी घसा शांत आहे. खोकला नाही, धागे नाहीत. चहा प्यालो.

उठताना गुडघा जरा आखडला. पडलो होतो तोच असेल.

२४ जून

गुडघा नाही. दोन्ही पाय. मावशींनी धरून खोलीत आणून बसवलं. इथून बोळ दिसतो. दारात हिरवी शाल अजून तशीच, कडीवर हात. मी तिला वाजवलं नाही तेव्हापासून तशीच.

मी वाजवलं नाही तेव्हापासून.

आप्पा सांगत होते ते हे. थोडं थोडं. म्हणून रोज सकाळी. वर्षानुवर्षं बंद असलेली ती सुई फिरेपर्यंतच हलली. वाजलं तर झिजतो आणि नाही वाजलं तर—

कपाटांच्या मागच्या खोलीत किती जण उभे असतील? मी कधी दार उघडून बघितलं नाही.

२५ जून

दुसरं पत्र लिहिलं. अक्षर वाकडं. चिमणे, वाजव. रोज एकदा वाजव. बाबाला बरं वाटतं. किंवा लगेच परत पाठव, आप्पांच्या कपाटात तर कपाटात, जन्मभराचं तर जन्मभराचं. आधीचं विसर.

मावशी धावत गेल्या टपालात. त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

मग आठवलं मी खाली रेघ मारून काय लिहिलंय.

२७ जून

ताईचा फोन. मावशींनी माझ्या कानाशी धरला. मला ऐकू येतं, बोलता येत नाही, ते तीन शब्दसुद्धा नाहीत. ताई सांगत होती, दुसरं पत्र आलं. तिने चिमणीला सांगितलं, बघ, बाबा वाजव म्हणतोय, नाहीतर परत पाठव म्हणतोय. चिमणी म्हणाली, नाही आत्या, बाबानेच लिहिलंय, बाबाने सांगितलं तरी वाजवायची नाही. पाठवणार पण नाही. ताईने डोळे वटारले, तरी नाही. आईच्या शालीत गुंडाळून ठेवली आहे. किल्ली कुठे लपवली कोणाला सांगत नाही. रात्री कपाटाला टेकून झोपते.

ताई म्हणाली, किती शहाणी आहे रे तुझी—

मग म्हणाली, ऐकतोयस ना? हॅलो? आहेस ना?

२८

डावा हात गेला. उजवा आहे. मान नाही. फक्त कागद दिसतो.

आप्पा येऊन बसले. माझ्या मांडीवरची धूळ पुसली. तबकडी पुसतात तशी.

मावशी— ताईला फोन लावून तोंड उघडत होत्या. माझ्यासाठी. मी डोळ्यांनी नको

सकाळ

चिमणे. तुझ्यावर राग नाही. तू बरोबर वागलीस. पण ते पत्र घाबरून लिहिलं गं. घाबरलेल्या माणसाचं काय मनावर— मी इथे आहे. दुखत नाही. फक्त वाट बघतो. शाळा सुटली असेल. आलीस ना? दप्तर ठेवलंस? बाबाची शपथ मोड. काही होत नाही शपथ मोडून. झिजलो तर झिजलो, तुझ्या हातून— किल्ली काढ. शाल सोड. प्लेअरवर ठेव, हळू, आणि सुई